जुन्या व्यापार करारातलं कलम नव्या मसुद्यात घेताना नेमकं काय तपासायचं?

मसुदा_टेबल: मुक्त व्यापार कराराच्या मसुद्यात सर्वसाधारण अपवाद (आरोग्य, नैसर्गिक संसाधनं वगैरेंसाठी कराराच्या नियमांतून सूट), गुंतवणूक आणि रूल्स ऑफ ओरिजिन (माल कोणत्या देशाचा मानायचा याचे नियम) ही तीन प्रकरणं आधीच्या एका करारातून जवळजवळ जशीच्या तशी घ्यायचं ठरलं आहे. पूर्ण मजकूर उतरवून घ्यावा, की नुसता संदर्भ देऊन समाविष्ट करावा? अशा उचललेल्या कलमांत चुका नेमक्या कुठे राहतात? आणि तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

कलम_वीस: अपवादांसाठी संदर्भ देणं हाच रुळलेला मार्ग आहे. गॅट 1994, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या (डब्ल्यूटीओ) मालव्यापार कराराचं कलम 20, त्याच्या स्पष्टीकरणात्मक टिपांसह, ‘योग्य त्या फेरफारांसह या कराराचा भाग’ असं लिहितात. सेवांसाठी गॅट्सचं (तिथल्याच सेवा-व्यापार कराराचं) कलम 14. याने त्या कलमांवर आजवर साचलेले डब्ल्यूटीओच्या तंटा-निवारण पॅनेल आणि अपील मंडळाचे अन्वयार्थही आधाराला मिळतात. 2018 च्या सीपीटीपीपी या पॅसिफिक भागातल्या व्यापार कराराने तर पहिल्याच कलमात, मोजकी कलमं सोडून, आधीचा टीपीपी करार असा सामावून घेतला आणि 22 तरतुदी वेगळ्या यादीत स्थगित ठेवल्या.

पण अपवाद कोणकोणत्या प्रकरणांना लागू, ते नावानिशी लिहाच. मोघम सोडलंत तर काय होतं ते चीनच्या डब्ल्यूटीओ प्रवेश-प्रोटोकॉलवरून कळतं. परिच्छेद 5.1 मध्ये व्यापाराचं नियमन करण्याचा चीनचा अधिकार अबाधित ठेवणारे शब्द होते. त्यांच्या आधारे 2009 मध्ये अपील मंडळाने कलम 20 चा बचाव मांडू दिला. निर्यात शुल्कावरच्या परिच्छेद 11.3 मध्ये फक्त परिशिष्ट 6 आणि गॅटच्या कलम 8 चा उल्लेख होता. 2012 मध्ये कच्च्या मालाच्या वादात मंडळ म्हणालं, इथे कलम 20 चा आधार घेता येणार नाही. करारातलं मौनसुद्धा हेतुपुरस्सर आहे असं धरलं जातं. गुंतवणूक प्रकरणात हा धोका मला सर्वात मोठा वाटतो, कारण तिथे अपवाद लागू आहेत की नाहीत हे बऱ्याचदा कुणी लिहितच नाही.

एचएस_वर्गीकरण: रूल्स ऑफ ओरिजिनच्या परिशिष्टाला मात्र जसंच्या तसं उचलणं अजिबात मानवत नाही. जुना करार एचएसच्या (मालाच्या वर्गीकरणाची जागतिक क्रमांक-पद्धत) 2012 किंवा 2017 च्या आवृत्तीवर असेल आणि तुमची शुल्क-सवलतीची यादी 2022 वर, तर क्रमांक जुळणार नाहीत. मोबाईलचा 8517.12 हा उपशीर्षक 2022 मध्ये गेला आणि त्याजागी 8517.13 (स्मार्टफोन) व 8517.14 आले. काही फ्लॅट पॅनेल डिस्प्ले मॉड्यूल आधी 8529 मध्ये (टीव्ही वगैरेंचे सुटे भाग) येत, आता त्यांच्यासाठी 8524 हा स्वतंत्र शीर्षक आहे.

आता टीव्हीचा (8528) जुना नियम घ्या: ‘शीर्षक बदल, 8529 वगळून’, म्हणजे बाहेरचे भाग 8528 किंवा 8529 सोडून दुसऱ्या शीर्षकातले हवेत. यात बाहेरून आणलेल्या त्या मॉड्यूलमुळे टीव्हीला मूळ दर्जा (सवलतीसाठी करारातल्या देशाचा माल अशी मान्यता) मिळत नसे. तोच नियम 2022 च्या क्रमांकांवर लावलात की मॉड्यूल 8524 मधून येतं, वगळणुकीत अडकत नाही आणि टीव्ही पात्र ठरतो. नियमाचं एक अक्षरही न बदलता तो सैल झाला! म्हणून परिशिष्टाच्या डोक्यावर एचएसची आवृत्ती लिहा, जागतिक सीमाशुल्क संघटनेचे सहसंबंध तक्ते घेऊन प्रत्येक नियम तपासा, आणि विभागलेल्या किंवा हललेल्या शीर्षकांच्या वगळणुका हाताने दुरुस्त करा.

मसुदा_टेबल: @एचएस_वर्गीकरण, हे ध्यानातच आलं नव्हतं, आभार. गुंतवणूक प्रकरणात मुख्य कलमं घेतली आहेत. तळटिपा आणि परिशिष्टं वेळेअभावी मागे ठेवली तर चालेल का?

लवाद_नोंदी: नाही चालणार. गुंतवणूकदारांना न्याय्य वागणूक देण्याचं कलम आंतरराष्ट्रीय रूढिगत कायद्याच्या किमान दर्जापुरतंच आहे हे नाफ्ता या व्यापार कराराच्या तिन्ही देशांना (अमेरिका, कॅनडा, मेक्सिको) जुलै 2001 मध्ये वेगळी अन्वयार्थ-टीप काढून सांगावं लागलं. ती मर्यादा पुढच्या करारांत कलमात, तळटिपेत किंवा परिशिष्टात गेली. अप्रत्यक्ष संपादनाचे (मालमत्ता ताब्यात न घेताही घेतल्यासारखा परिणाम करणारी सरकारी कृती) निकषही बहुधा परिशिष्टातच असतात. ती मागे सोडून नुसतं कलम घेतलंत तर लवादापुढे समोरचा पक्ष म्हणेल, मर्यादा मुद्दाम गाळली.

उलट बाजूची चूकही होते, म्हणजे नको ते सोबत येतं. युरोपीय संघ आणि ब्रिटनच्या डिसेंबर 2020 च्या करारात डीएनए वगैरे माहितीच्या देवाणघेवाणीचं तांत्रिक परिशिष्ट संघाच्या 2008 च्या निर्णयातून आलं, आणि त्यासोबत 1024-बिट आरएसए, एसएचए-1 या जुनाट माहिती-सुरक्षा पद्धती आणि आधुनिक ईमेल सॉफ्टवेअर म्हणून नेटस्केप कम्युनिकेटर 4 सुद्धा! तांत्रिक मानकं करारात कोरण्यापेक्षा समितीला बदलता येतील अशा दस्तऐवजात ठेवा.

तपासणीसाठी फरक-प्रत (दोन मजकुरांतले बदल दाखवणारी प्रत) मूळ कराराशी काढा, तुमच्याच मागच्या मसुद्याशी नको. आधी दोन्हीकडची देशांची नावं, तारखा आणि कलम-क्रमांक काढून टाका, म्हणजे खरे फरक वर येतात. मग प्रत्येक फरकापुढे एका ओळीत कारण लिहा. कारण सुचत नसेल तर मूळ शब्द परत आणा. त्यानंतर व्याख्या आणि अंतर्गत संदर्भ: ‘परिच्छेद 3 नुसार’ असं लिहिलं असेल तर तुमच्या मसुद्यात तो परिच्छेद 4 झाला आहे का? हे सगळं वाटाघाटी संपण्याआधी उरका. नंतरच्या लीगल स्क्रबिंगमध्ये (वकिलांकडून होणारी शेवटची भाषा-तपासणी) क्रमांक आणि भाषा सुधारता येते, पण राहून गेलेली तळटीप आशयात बसते आणि तो उघडायला समोरचा देश सहजी तयार होत नाही.