जुनी वेस्टफालिया सेल घेत नाही, नुसता 'टक्'

नमस्कार मंडळी,
गाडी 1987ची फोक्सवॅगन व्हॅनागन वेस्टफालिया (कॅम्पर व्हॅन, इंजिन मागे), 2.1 लिटर, मॅन्युअल गिअर. सकाळी गार असताना अर्ध्या सेलला सुरू होते. तासभर चालवून पेट्रोल भरायला थांबलं, की किल्ली फिरवल्यावर मागून एकच 'टक्' आणि शांतता. वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा सुरळीत. मागच्या केबिनमधले दिवे लख्ख लागतात, तेव्हा बॅटरी ठीक असावी. मेकॅनिक म्हणतो स्टार्टर गेला. बदलून टाकू का? लेबर डेच्या कॅम्पला हीच न्यायची आहे.

---

ताई, स्टार्टर बदलायची घाई नको.

आधी दिव्यांचं. वेस्टफालियात बऱ्याचदा दोन बॅटऱ्या असतात. मागचे दिवे नि पाण्याचा पंप ड्रायव्हरच्या सीटखालच्या जादा बॅटरीवर चालतात, इंजिनाची बॅटरी शेजारच्या सीटखाली. त्यामुळे मागे दिवाळी असली तरी इंजिनाची बॅटरी मेलेली असू शकते. मल्टीमीटर इंजिनाच्या बॅटरीच्या खांबांना लावा: 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. मग पार्किंग लाइट लावून किल्ली फिरवा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी किंवा तिची टर्मिनल्स. 'टक्' होऊनही दिवे तसेच राहिले तर स्टार्टरच्या मोटरपर्यंत करंट पोचतच नाहीये.

गरम झाल्यावरच त्रास होतो, त्यावरून माझा संशय वायरवर आहे. किल्लीपासून निघालेली बारीक वायर गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. किल्लीमागच्या स्विचचे पॉइंट जळलेले, जोड गंजलेले, प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा व्होल्टेज खाल्ला जातो. त्यात सोलेनॉइडची (स्टार्टरवरचा विजेवर चालणारा मोठा स्विच) तांब्याची गुंडाळी तापली की तिचा रोध वाढतो, करंट कमी ओढला जातो, आणि आतला दांडा पूर्ण सरकून मोठा कॉन्टॅक्ट जोडत नाही. गार असताना तेवढ्याच व्होल्टेजवर कसंबसं भागतं.

खात्री करायची तर गाडी नडलेल्या अवस्थेतच मोजायला हवं. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे. उजव्या बाजूने खाली शिरलात की गिअरबॉक्सला बसवलेला स्टार्टर दिसेल. एक्झॉस्टपासून हात जपा. जाड केबलचा बोल्ट तो 30 नंबर, बारीक वायरची चपटी पिन ती 50. मीटरची लाल तार 50वर, काळी स्टार्टरच्याच धातूवर (बॉडीवर नको), आणि दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगा. साडेदहा व्होल्टच्या वर असेल तर वायर निर्दोष, सोलेनॉइड किंवा स्टार्टरच. नऊच्या खाली असेल तर नवा स्टार्टर घालूनही 'टक्'च ऐकू येणार.

---

काका, मोजलं. बॅटरी 12.5, किल्ली फिरवल्यावर 12.2. 50 नंबरला 8.4. पार्किंग लाइट जराही मंद झाले नाहीत.

---

मग काकांचंच बरोबर. पण अर्थिंग विसरू नका. गिअरबॉक्सच्या पुढच्या टोकाकडून बॉडीला जाणारी वेणीसारखी पट्टी असते, ती आतून हिरवी होऊन कुजते. आत्ता तिची परीक्षा होणार नाही, कारण मोटर फिरतच नाही. मोठा करंट वाहील तेव्हाच तिचा ड्रॉप दिसेल. गाडी सेल घ्यायला लागली की बॅटरीचा निगेटिव्ह खांब ते गिअरबॉक्सचा धातू असं सेल मारताना मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर पट्टी बदला. खरं तर न मोजता बदलली तरी चालेल, स्वस्त वस्तू आहे.

---

8.4 म्हणजे निकाल लागला. पुढून मागे नवी वायर ओढत बसू नका, स्टार्टरजवळ रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच) टाका. साधा 12 व्होल्टचा, 40 अँपिअरचा, चार पिनांचा.

सर्वात आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. 30चा बोल्ट थेट बॅटरीला जोडलेला असतो, मध्ये फ्यूज नाही. पाना बॉडीला टेकला तर तिथेच वेल्डिंग होतं.

50वरची जुनी वायर काढून रिलेच्या 86ला. 85 गिअरबॉक्सच्या स्वच्छ घासलेल्या बोल्टला. स्टार्टरच्या 30च्या बोल्टवरून 12 गेजची वायर 30 अँपिअरच्या फ्यूजमधून रिलेच्या 30ला. रिलेच्या 87पासून तशीच 12 गेजची वायर स्टार्टरच्या 50ला. आता जुन्या वायरला फक्त रिलेची गुंडाळी ओढायची, अर्ध्या अँपिअरच्याही आतलं काम; जळके पॉइंट तेवढं सहज निभावतात. रिले पिना खाली करून बसवा, नाहीतर पावसाचं पाणी आत साठतं.

---

रिलेनंतर सेल बसला पण गरम असताना जड, कण्हत फिरला, तर मॅन्युअल गाडीत बेलहाउसिंगमधली (गिअरबॉक्सचा इंजिनाला जोडणारा भाग) पितळी बुश पाहा. स्टार्टरच्या शाफ्टचं टोक तिच्यात फिरतं. ती झिजली की आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) कडेला घासतो. नवा स्टार्टर घालणारे बुश तशीच ठेवतात आणि मग नव्यालाच दोष देतात.

आणि खाली शिरलाच आहात तर इंजिनाजवळचे पेट्रोलचे रबरी पाइप वाकवून बघा. भेगा दिसल्या किंवा वास आला तर आधी ते बदला. तोवर सेल मारू नका, स्पार्क तपासायला प्लगची वायरही काढू नका.

---

ताई, रिले बसवल्यावर 50 नंबरला गरम इंजिनावर किती येतात ते कळवा. अकराच्या आसपास आले तर स्टार्टरचे पैसे वाचले.