मदत हवी आहे: इन्स्टॉल करताना लिनक्स मिंटला एसएसडी दिसतच नाही

लॅपटॉपवर विंडोज ठेवून बाजूला लिनक्स मिंट (मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकायचंय, ड्युअल बूट. पेन ड्राइव्हवरून लाइव्ह मोड (इन्स्टॉल न करता चालवणं) मस्त चालतो, वायफाय, आवाज, टचपॅड सगळं ओके, पण इन्स्टॉलर उघडला की डिस्कच्या यादीत फक्त पेन ड्राइव्हच, एसएसडीचा पत्ताच नाही, जीपार्टेड या पार्टिशनच्या टूलमध्येही तेच. उबुंटूचा (दुसरं लिनक्स) पेन ड्राइव्ह लावून बघितला, तीच बोंब. डाउनलोड केलेल्या फाइलचा चेकसम जुळतोय (म्हणजे फाइल खराब नाही), सिक्युअर बूट आणि फास्ट स्टार्टअप बंद केलंय, विंडोजमधून सी ड्राइव्ह श्रिंक करून रिकामी जागाही ठेवलीय.

बायोसमध्ये स्टोरेज मोड रेडवर (RAID, अनेक डिस्क एकत्र वापरायचा मोड) आहे (एसएसडी एकच, मग रेड कशाला देव जाणे), तो एएचसीआय (AHCI, डिस्कचा साधा मोड) केला की डिस्क दिसेल असं वाचलं. पण नुसता बदलला तर विंडोज बूट होताना निळी स्क्रीन येते म्हणे, म्हणून अजून हात लावला नाहीये. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू आहे, रिकव्हरी की लिहून ठेवलीय, बॅकअप घेतलाय. विंडोज परत टाकणं जमणार नाही, ऑफिसचं एक सॉफ्टवेअर त्यातच चालतं, त्यामुळे व्हर्च्युअल मशीन वगैरे सुचवू नका प्लीज.

तर आधी बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरतं बंद) करून, एमएसकॉन्फिग या विंडोजच्या टूलमधून सेफ बूट (मोजक्या ड्रायव्हरवर विंडोज सुरू होणं) लावून मग बायोसमध्ये एएचसीआय करायचं, हा क्रम बरोबर आहे का? आणि सस्पेंड पुरेल की बिटलॉकर पूर्ण काढावं लागेल?