मदत हवी आहे: शेतकरी संघटनेला सभासद मिळत नाहीत (अमळनेर-पारोळा भाग)

बोरीकाठचा:

राम राम मंडळी.

बोरी नदीच्या पट्ट्यातल्या पाच गावांत आम्ही काही जण शेतकऱ्यांची संघटना बांधायला निघालोय. सध्या विषय एकच धरलाय, कापसाच्या खेडा खरेदीतली कटती. दारात माल मोजायला येणारा व्यापारी ओल आहे, कवडी (खराब, किडका कापूस) आहे म्हणत क्विंटलमागे दोन किलो सरळ उडवतो. काटा त्याचाच, हमाल त्याचे, चिठ्ठीही त्याचीच. गावात यावर चिडलेला नाही असा माणूस सापडणार नाही. पण पावती फाडायची वेळ आली की सगळ्यांना घरची कामं आठवतात.

हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी ठेवली. सत्तरेक माणसं आली. भरीत, कळण्याची भाकरी, वर अर्ध्या तासाचं माझं भाषण. पावत्या फाटल्या सहा. भरीत मात्र पुरलं नाही.

लोक आधी विचारतात, "तुम्ही कोणत्या पक्षाचे?" माझ्या वडिलांच्या शर्टाला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला असायचा. १९८० ची चाकण-नाशिकची कांदा आंदोलनं ते अजून तारखेवार सांगतात. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा आमच्या घराच्या भिंतीवर गेरूने लिहिलेली होती. पण पुढे शरद जोशींनीच १९९४ मध्ये पक्ष काढला, संघटनेच्या फांद्या फुटल्या, कोण कुठे गेलं हे त्या पिढीने पाहिलंय. त्यामुळे आज ना उद्या हा पोरगा पंचायत समितीला उभा राहणार, असं माझ्याबद्दल पारावर ठरूनच गेलंय.

काही जण तर आधारची झेरॉक्स आणि पासबुक घेऊनच आले. त्यांना वाटलं काहीतरी अनुदान आहे.

पण खरी गाठ वेगळीच आहे. जो व्यापारी कापूस मोजतो, तोच जूनमध्ये बियाणं-खताला उचल देतो. एक नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, "पावती फाडी टाकसू रे भाऊ, पण जूनमा बियाणं कोण देई?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

तर विचारायचं असं: वर्गणी १०० रुपये जास्त होते का? आधी नोंदणी करावी की आधी माणसं जोडावीत? आणि उचलीत अडकलेल्या माणसाला सभासद करायचं तरी कसं? ज्यांनी गावात हे केलंय त्यांनीच सांगा. "युवकांनी पुढे आलं पाहिजे" वगैरे नको, ते भाषण मी स्वतःच देऊन बसलोय.

तापीकाठ (चोपडा):

भाऊ, वर्गणी ठीक आहे, मागायची वेळ चुकली. आम्ही पहिल्या वर्षी पावतीपुस्तक छापलंच नाही. आठ जणांनी मिळून वजनकाटा घेतला, वैधमापन खात्याकडून शिक्का मारून घेतला आणि मारुतीच्या पाराशेजारी ठेवला. शिक्का नसता तर व्यापारी पहिल्याच दिवशी म्हणाला असता की तुमचा काटा खोटा. दरवर्षी पडताळणी करून घ्यावी लागते, हेही लक्षात ठेवा.

ज्याला वाटेल त्याने माल देण्याआधी तिथे मोजून घ्यायचा, फुकट. भांडायचं नाही, आकडा फक्त आपल्या खिशात ठेवायचा. हंगामाच्या शेवटी लोक आपणहून विचारायला लागले की काट्याचा खर्च कोण करतं.

आणि २० क्विंटलवर दोन किलोने ४० किलो गेले, म्हणजे ७,००० च्या भावाने २,८०० रुपये. तुमची वर्गणी १००. भाषणाच्या जागी एवढंच सांगा.

उचलवाल्याचं नाव वहीत घालू नका. त्याला म्हणा, नाना, तुमचं नाव नको, माल फक्त काट्यावरून जाऊ द्या.

जुना कारकून:

नोंदणीची घाई करू नका. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात जण पुरतात, ते तुमच्याकडे आहेतच. पण नोंदणी झाली की दरवर्षी हिशेब तपासणी, बदल अर्ज, धर्मादाय कार्यालयाच्या चकरा आल्या. मी उमेदीची वर्षं त्या कागदांत घालवली आहेत. आधी वर्षभर काम करा. शेतकरी उत्पादक कंपनी हा वेगळा प्रकार आहे, तिला दहा शेतकरी लागतात आणि ती व्यापार करते. दोन्हींची सरमिसळ झाली की लोक झेरॉक्स घेऊन येणारच. पैसे मात्र पहिल्या रुपयापासून पावतीनेच घ्या आणि जमाखर्च पारावर वाचून दाखवा.

पांझरेची लेक (धुळे):

दादा, सत्तर माणसांत बाया किती होत्या? भरीत भाजायला तेवढ्या असतील.

वेचणीची मजुरी किलोवर असते. रोज संध्याकाळी बांधावर प्रत्येकीचा कापूस कोण मोजतं? घरची बाईच. आणि वहीत उतरवतंही तीच, कारण शनिवारी चुकारा तिलाच करावा लागतो. म्हणजे व्यापारी दारात यायच्या आधीच कापूस किती होता याचा आकडा घरात लिहिलेला असतो. माल पडून सुकतो, वजन थोडं घटतं, मान्य. पण त्या वह्या कोणी कधी व्यापाऱ्याच्या चिठ्ठीशेजारी ठेवून पाहिल्यात का?

सभासद व्हायला सातबारा मागत असाल तर आधी ते बंद करा. १९८६ ला चांदवडला शेतकरी संघटनेचं बायांचं एवढं मोठं अधिवेशन झालं, पुढे बायकोच्या नावावर जमीन करायची लक्ष्मीमुक्ती मोहीम झाली, तरी आमच्या भावकीत उताऱ्यावर बाईचं नाव शोधावं लागतं.

बैठक आखाजीला (अक्षय तृतीयेला) घ्या. लेकी माहेरी आलेल्या असतात, सुरत-पुण्याची पोरं घरी असतात, सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, वर्ष बदलतं, त्यामुळे सगळे हिशेबाच्याच गोष्टी बोलत असतात. जूनमध्ये बोलावलंत तर कोणी फिरकणार नाही.

बोरीकाठचा:

ताई, बाया नऊ होत्या. आणि हो, भरीत त्यांनीच भाजलं.

काल आईची वही काढली. वेचणीची बेरीज २१ क्विंटल ४० किलो. व्यापाऱ्याची चिठ्ठी १९ क्विंटल ९० ची. मी आजवर क्विंटलमागे दोन किलोच धरून चाललो होतो, त्याने तर ४३ किलोच होतात. बाकीच्याचं काय? आई म्हणाली, "तू कधी विचारलंच नाहीस." शेजारच्या दोन काकूही आपापल्या वह्या द्यायला तयार आहेत.

आता अडचण अशी की दीड क्विंटल फरक म्हणून पारावर सांगितलं, तर व्यापारी म्हणणार सुकला. घरात दीड-दोन महिने ठेवलेला कापूस किती घटतो, कोणी मोजून पाहिलंय का? पहिल्या वेचणीचा आणि फरदडचा (हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर घेतलेल्या कापसाचा) वेगवेगळा असेल तर तसंही सांगा. आणि तापीकाठ भाऊ, काटा किती क्षमतेचा घेतला होता?