सिलिअ‍ॅकची गोळी येणार म्हणून पोरांना चपातीची स्वप्नं दाखवू नका

राजारामपुरीची आई
परवा इथं एकानं लिहिलं, "सिलिअ‍ॅकच्या गोळ्या येतायत, पोरांना पथ्यात कोंडू नका, दोन-चार वर्षांत चपाती सुरू." माझ्या नवऱ्यानं ते लेकीसमोर मोठ्यानं वाचलं. तिला सिलिअ‍ॅक आहे, गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनानं आतड्याला इजा होते. नऊ वर्षांची पोर, लगेच म्हणाली, "मग पुढच्या दिवाळीत करंजी?" काय सांगू तिला? लाराझोटाइड नावाचं औषध चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेलं आणि २०२२ मध्ये चाचणी बंद पडली. नेक्सव्हॅक्स-२ चं इंजेक्शन २०१९ लाच गुंडाळलं. अशी पोस्ट टाकताना घरातल्या लेकरांचा विचार करा.

पन्हाळा रोड
पोस्ट माझीच. ताई, तुम्ही फक्त पडलेल्यांची नावं घेतलीत. झेड १२२७ या गोळीचं काय? २०२१ मध्ये निकाल आलाय. रोज तीन ग्रॅम ग्लुटेन सहा आठवडे दिलं, आणि गोळी घेणाऱ्यांच्या आतड्याला कमी इजा झाली. ज्या एन्झाइममुळं ग्लुटेन बदलतं आणि शरीर त्याच्यावर चवताळतं, त्यालाच ती अडवते. मी अकरा वर्षं गव्हाला शिवलो नाही, तरी माझं टीटीजी, म्हणजे रक्ततपासणीतला सिलिअ‍ॅकचा आकडा, खाली येत नाही. मी आशा पण धरायची नाही का?

राजारामपुरीची आई
धरा की. पण तीन ग्रॅम म्हणजे जेमतेम एक चपाती, ती पण सहाच आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली. अशी औषधं तपासतायत ती पथ्याच्या जोडीला, चुकून पोटात गेलेल्या गव्हासाठी. तुम्ही "चपाती सुरू" लिहिलंत. आणि टीटीजी उतरत नाही म्हणता, तर ज्वारी दळता कुठं?

बावडेकर
हे बरोबर विचारलंसा. आमच्या पोराचं पोट वर्षभर फुगायचं. भाकरीच खातोय की, म्हणून आम्ही निवांत. एक दिवस गिरणीत उभा राहून बघितलं. आधी कुणाचातरी गहू, त्याच्यावर आमची ज्वारी, आणि पीठ पडतं त्या कापडाला बोटभर थर.

गिरणीवाला
सगळं खापर आमच्यावर फोडू नका. सांगितलं तर ज्वारी सकाळी पहिली काढून देतो, दगड झाडून.

बावडेकर
झाडून गहू जातोय व्हय? ते कापड शेवटचं कधी धुतलं ते सांगा.

गिरणीवाला
पहाटे पाचला उठून एकट्यानं गिरणी चालवून बघा, मग बोला.

शुक्रवार पेठ
गिरणीवरच भांडत बसलाय. बांधानी हिंगात गव्हाचं पीठ असतं, बघितलंय कुणी? घरच्या चटणीत तोच, मिसळीच्या कटात तोच. मिसळ खायची, फक्त स्लाइस बाजूला ठेवायची, असं मी तीन वर्षं केलं.

जुना बुधवार
आमच्या वेळी असलं काही नव्हतं. लाड आहेत सगळे.

राजारामपुरीची आई
काका, लाड म्हणू नका. चौथ्या वर्षी माझ्या पोरीचं वजन अकरा किलो होतं, जिना चढताना मध्येच बसायची. तुमच्या वेळीही पोरं अशीच वाळायची, कारण कळायचं नाही एवढंच.

पन्हाळा रोड
"चपाती सुरू" काढलं पोस्टमधून. बाकीचा शब्द बदलणार नाही. अकरा वर्षांनी काहीतरी हलतंय, ते मी लिहिणारच. आणि हो, माझी ज्वारी कोपऱ्यावरच्या गिरणीतूनच येते. हिंगाचा डबा आत्ता बघितला. गव्हाचं पीठ लिहिलंय.

राजारामपुरीची आई
काढलंत ते बरं केलंत. गोळीची बातमी आली तर मलाही कळवा, मी वाट बघत नाही असं नाही. तोवर घरघंटी घ्या. आणि शेजारणीनं कितीही गळ घातली तरी तिचा गहू त्यात घालू देऊ नका. आमची एकदा त्यातच वाया गेली.