छऱ्याच्या बंदुकीचा पल्ला: चार माड की आठ?

सड्यावरचा:
गणपतीत भाचा इंग्लंडहून आला होता. तिथे शेतमालकाच्या परवानगीने तो ससे मारतो. बंदूक छऱ्याची, म्हणजे एअरगन; छर्रा सुटतानाची ताकद १२ फूट-पौंडांच्या आतली, म्हणजे सोळाएक जूल. किती लांबून मारतोस विचारलं, तर म्हणाला, २५-३० मीटर. त्यापुढे चापाला बोट लावत नाही. पडवीत बसलेले आमचे शेजारी फिस्सकन हसले. त्यांचा म्हणे सत्तर मीटरवरचा कवडा चुकत नसे. मी भाच्याच्या बाजूचा. आपण माड साडेसात मीटरवर लावतो, तर चार माडांपलीकडे छऱ्याने जीव घ्यायला जाऊ नये. आपल्याकडे शिकार बंद आहे हे ठाऊक आहे, प्रश्न फक्त पल्ल्याचा आहे.

देवगडी नेम:
साफ असहमत. पल्ला बंदुकीचा नसतो, हाताचा असतो. तिकडेच, तेवढ्याच ताकदीच्या बंदुकांनी फील्ड टार्गेटच्या स्पर्धेत ५५ यार्डांवरची, म्हणजे पन्नासएक मीटरवरची पत्र्याची चकती पाडतात. छर्रा दीडेक इंचाच्या भोकातून गेला तरच ती पडते! मी स्वतः बांधावरची करवंटी साठ मीटरवरून उडवतो. दुर्बीण चांगली हवी, छर्रे एकाच वजनाचे हवेत, बस्स.

कोकमआगळ:
उडवत असाल हो. पण हिशेब करा. छर्रा सेकंदाला २४० मीटरने सुटला, तर नळीच्या सरळ रेषेपासून ३० मीटरला अर्धी वीत खाली येतो आणि ६० ला जवळजवळ हातभर. म्हणजे ६० ला अंतराचा अंदाज पाच मीटरने चुकला, तरी छर्रा दोन-तीन बोटं वर नाहीतर खाली. सशाच्या डोक्यात मारायची जागा रुपयाच्या नाण्याएवढी. त्यात दुपारचा खारा वारा सुटला की सड्यावर ३० मीटरलाच छर्रा दोन बोटं कडेला सरकतो. कंबर आवळलेला अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा तुकडा तो, पुढे जाईल तसा दमतो. आणि चकती छर्रा लागल्यावर पळत जाऊन करवंदीच्या जाळीत तडफडत नाही.

देवगडी नेम:
मग दहा मीटरवरच उभे राहा, ऑलिंपिकसारखे.

केल्डी-त्रस्त:
सगळे शाणे! माझ्या बागेत येवन बगा. केल्डी, म्हणजे माकडां, शहाळी फोडून टाकतत आणि वर बसान दात दाखयतत. थंय काय टेप लावन मोजूचा? माडाच्या शेंड्यावर मारूचा तर लांबच मारूक होया.

सड्यावरचा:
दादा, नुकसान खरंच आहे, त्यावर वाद नाही. पण गेल्या वर्षी आमच्या परसात एक केल्डा आला, दंडात छर्रा, हात लोंबतोय. आठवडाभर विहिरीच्या कठड्यावर बसून होता. कोणी मारला देव जाणे, पण लांबूनच मारला असणार. जवळून मारणाऱ्याचा तरी एवढा नेम चुकला नसता. शहाळी त्यानंतरही गेलीच.

पाणंद:
तुम्ही सगळे मीटर मोजताय, कायदा कोणी वाचलाय? ४.५ मिलिमीटर नळीची, २० जुलांपर्यंतची एअरगन २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्याविना मिळते. म्हणून लोकांना वाटतं मारायलाही मोकळीक आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही, जखमी करणंही. ससा संरक्षित आहे. हरियाल राज्यपक्षी, शेकरू राज्यप्राणी. भाच्याचे तीस मीटर त्याच्या इंग्लंडात ठीक. इथे संरक्षित जनावरासाठी योग्य अंतर शून्य.

कोकमआगळ:
मान्य. पण शून्य म्हटलं की चर्चा थांबते आणि पडवीतली सत्तर मीटरची फुशारकी तशीच चालू राहते. पोरं तीच ऐकतात.

पाणंद:
पोरांना करवंट्या द्या की.

देवगडी नेम:
आज टेप लावली. पायरीपासून बांधापर्यंत, ज्याला मी साठ म्हणत होतो, ते एक्केचाळीस निघालं. दहा छऱ्यांत चार करवंट्या. वारा होता.

सड्यावरचा:
एक्केचाळीस म्हणजे साडेपाच माड. सशाच्या डोक्याएवढी करवंटी शोधून पुन्हा मारा, आणि वारा असतानाच मारा. शेजाऱ्यांच्या सत्तरलाही मी उद्या टेप लावतोय.