मेणवलीच्या घाटावर सिनेमाचे सेट हवेत कशाला?

कृष्णाकाठ:
वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा सहा चौकी वाडा, मागे कृष्णेवर उतरणारा चंद्रकोरीसारखा घाट, त्यावर मेणेश्वराचं देऊळ. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर आणलेल्या घंटांपैकी एक इथे आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरली आहे. अशा जागी सेट उभारायला बंदी हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. मागच्या हिवाळ्यात गेलो तेव्हा पायऱ्यांच्या सांध्यांत खिळे ठोकलेले होते आणि काळ्या दगडावर प्लास्टरचे डाग पडले होते. फार वाईट वाटलं.

माळावरचा:
दादा, तुम्ही वर्षातून एकदा येता. माझे दोघे चुलतभाऊ शूटिंगवर कामाला जातात, रोजची हजेरी मिळते. जेवण, गाड्या, राहायला खोल्या, सगळं गावातून जातं. नुसत्या उसावर घर चालत नाही हो. बंदी घातलीत तर त्या पोरांना काम कोण देणार?

कृष्णाकाठ:
रोजगार हवाच. पण दगड एकदा गेला की परत येत नाही. पावसाळ्यात पाणी पायऱ्यांवर चढतं. खिळ्यानं सांधा उघडला की तिथूनच पाणी आत शिरतं, गाळ बसतो, मुळं धरतात आणि हळूहळू चिरा हलतो. हे दोन-चार वर्षांत कळत नाही, म्हणूनच कुणी मनावर घेत नाही.

सुनबाई_वाई:
तुम्ही दोघं घाटाची नुसती शोभाच बघताय. वाडा नानांच्या वंशजांचा, त्याचं ते बघतील. घाट मात्र गावाचा. माझ्या सासूबाई आयुष्यभर इथेच धुणं धुवायला उतरल्या. शूटिंग असलं की दोर लावतात आणि बायकांना "नंतर या" म्हणतात. गावातल्याच बाईला नदीवर जायला परवानगी लागावी? माझा राग याचा आहे, खिळ्यांचा नंतर.

माळावरचा:
वहिनी, हे मात्र खरं. आम्ही पोरांनीच कितीदा दोर धरलाय.

कृष्णाकाठ:
बरं, सरसकट बंदीचा हट्ट सोडतो. मग ग्रामपंचायतीनं लेखी अट घालावी: दगडात खिळा नाही, नदीची वाट बंद नाही, अनामत रक्कम आधी. पण घंटेपाशी काहीही उभारू देऊ नये, तिथे मी मागे हटणार नाही.

सुनबाई_वाई:
अट लिहायला बसाल तेव्हा घाटावर उतरणाऱ्या दोन बायकांनाही बोलवा.