टिप ऐच्छिक, पण कुणाच्या इच्छेनं?

शाहूपुरीकर: काल एकानं लिहिलं, "टिप म्हणजे भीक. पगार मालकानं द्यावा, मी रुपया ठेवत नाही." वाचून डोकं फिरलं. कॉलेजात असताना दोन वर्षं स्टेशन रोडला वेटर होतो. रात्री शटर ओढलं की टिपेचा डबा टेबलावर उपडा व्हायचा. भांडी घासणाऱ्या मावशींचा वाटा आधी काढायचा, मग आमचा. त्यातनं माझी मेस भागायची. कायद्यानं ऐच्छिक आहे, मान्य. पण चारदा पांढरा रस्सा मागवून १० रुपयेही न ठेवता उठायचं?

रंकाळ्याचा वारा: ती पोस्ट माझी. भीक हा शब्द मागं घेतो, बाकी अक्षरही नाही. गेल्या महिन्यात बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला. काढा म्हटलं तर मॅनेजर म्हणतो, "सगळे देतात साहेब." केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ लाच सांगितलंय, आपोआप लावायचा नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरला फोन लावला तेव्हा बिल बदललं. पोरांसमोर अर्धा तास तमाशा. तेव्हापासून हात आखडलाय.

शाहूपुरीकर: चार्ज मालकानं लावला. राग पोऱ्यावर का?

तिखट कट: रस्स्याचा विषय निघालाय म्हणून सांगतो, परवा मिसळीला जादा कटाचे २० रुपये लावले. कोल्हापुरात! वाटी रिकामी दिसली की न मागता वाढायचा असतो कट.

जोतिबा रोड: तेलाचा डबा केवढ्याला पडतो बघा एकदा. चुलत्यांची मिसळ आहे आमच्या. निम्मा कट तसाच टाकून उठतात लोक, तो पातेल्यात परत जात नाही.

तिखट कट: मग मिसळ १० रुपयांनी महाग करा. कटाला दर लावून वर कोल्हापूरचं नाव सांगू नका.

जोतिबा रोड: पहाटे पाचला या कांदा चिरायला, मग शिकवा.

शाहूपुरीकर: बास करा की कट. विषय पोऱ्याचा आहे.

राजारामपुरीची ताई: आता सगळे स्कॅन करतात. माझा भाऊ वेटर आहे. गिऱ्हाईक ५० रुपये जास्त टाकून "तुला ठेव" म्हणतं आणि पैसे जातात मालकाच्या खात्यात. महिनाअखेरीला विचारलं तर हिशेब नाही. ऐच्छिक म्हणता ना? मग इच्छा झाली तर हातात द्या.

रंकाळ्याचा वारा: ताई, हे पटलं. चार्ज लावणाऱ्या हॉटेलात तरीही देणार नाही. बाकी ठिकाणी खिशात २० ची नोट वेगळी ठेवीन.

शाहूपुरीकर: फक्त बडीशेपेच्या बशीत टाकू नका. ती बशी बिलासकट गल्ल्यावर जाते.